देवळाभोवतीची हिरवळ कुणाची?

प्रश्न : मे महिन्यात नवग्रहयात्रेच्या निमित्ताने आम्ही कुंभकोणमला चार दिवस राहिलो. गावातल्या कुंभेश्वर, शारंगपाणी वगैरे देवळांभोवती पाऊल ठेवायला जागा नाही. दुकानं, रिक्षा, फुलवाले, भांडीवाले. तिथून जवळच असलेल्या दारासुरमला गेलो, तर ऐरावतेश्वराच्या देवळाभोवती चक्क बाग! कुंपण, आखीव वाट, कापलेली हिरवळ. ही बाग चोळ राजाच्या वेळेपासून आहे का? असेल, तर गावातल्या देवळांच्या बागा कुठे गेल्या? नसेल, तर ती कुणी आणि का केली? आणि करायचीच होती तर सावलीची झाडं का नाही लावली? दगडावरून अनवाणी चालताना आमचे पाय अक्षरशः पोळले. माझे मेव्हणे मात्र नोव्हेंबरात जाऊन आले. ते म्हणतात, कसलं पोळणं, आम्ही घोटाभर पाण्यातून फिरलो!

उत्तर : एका पोस्टकार्डाच्या पैशात तुम्ही चार-पाच प्रश्न विचारून घेतले आहेत, पण ते एकमेकांत अडकलेले असल्यामुळे तक्रार नाही. मेव्हण्यांचं पाणी आणि तुमचे पोळलेले पाय यांचंही एकमेकांशी नातं आहे. तिथे आपण शेवटी पोचू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : नाही. ऐरावतेश्वराचं देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकाच्या मध्यावर बांधलं. तो राजा आज परत आला, तर त्याला विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, ओळखू येईल, चाकं आणि घोडे जोडलेला रथासारखा मंडप ओळखू येईल, नंदी ओळखू येईल. हिरवळ मात्र ओळखू येणार नाही. एवढं कोवळं गवत आणि त्यावर एकही गाय का नाही, असंच तो बहुधा विचारील.

मग त्या जागी तेव्हा काय होतं? गाव होतं. दारासुरम हे नावच मुळात ‘राजराजपुरम’चं झिजलेलं रूप मानतात. श्रीरंगमला जशी एकात एक सात आवारं आहेत, तशी इथेही होती, असं सांगितलं जातं. आज त्यातलं एकच आवार शिल्लक आहे. बाहेर, हिरवळीच्या कडेला, वरचे मजले गेलेलं एक गोपुर तुम्हाला दिसलं असेल. पर्यटक त्याच्याकडे फारसे फिरकत नाहीत, कारण ते एकटं, कशाशीच संबंध नसल्यासारखं उभं दिसतं. संबंध होता, पण तो जोडणाऱ्या भिंती गेल्या. इथल्या काही देखण्या मूर्तीही आता जागेवर नाहीत. भिक्षाटनाला निघालेला शिव आणि त्याच्याकडे पाहत राहिलेल्या ऋषिपत्नी बघायच्या असतील, तर तंजावरला, भोसल्यांच्या राजवाड्यातल्या कलादालनात जावं लागतं. थोडक्यात, तुम्ही ज्याला बाग म्हणता ती एका मोठ्या देवस्थानाची गेलेली आवारं आहेत. त्यांच्यावर गवत लावलं आहे, इतकंच.

हे ऐकून चुकचुकू नका. आपण पुण्यात हेच रोज बघतो आणि आपल्याला काही वाटत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेलं की जोती, कारंज्यांचे हौद आणि मधे मधे हिरवळ. १८२८ साली वाडा जळला, मजले गेले, आणि जिथे दिवाणखाने होते तिथे आता लोक डबा उघडून बसतात. पेशवे गवतावर दरबार भरवत नव्हते हे आपल्याला माहीत असतं. परक्या गावात गेलं की मात्र जे दिसतं ते सगळं एकाच वेळचं आहे, असं वाटायला लागतं.

आता, गवतच का? यात दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत : एक आवडीचं, एक ताब्याचं.

आवड इंग्रजांची. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या जमीनदारांनी आपल्या हवेल्यांभोवती दूरवर हिरवळ पसरायची टूम काढली. तिथे पाऊस बारमाही भुरभुरतो, ऊन बेताचं, त्यामुळे गवताला कुणी पाणी घालायला लागत नाही. शिवाय मोकळ्या हिरवळीपलीकडे उभी असलेली इमारत मोठी आणि उमदी दिसते. ही नजर घेऊनच ते लोक इथे आले. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. जुन्या वास्तूंबद्दल त्याला खरी आस्था होती. १९०४ चा प्राचीन स्मारकं जपण्याचा कायदा त्याच्याच वेळचा. पण ताजमहालाच्या बागेतली दाट झाडी विरळ करून तिथे हिरवळीचे सपाट पट्टे आले तेही त्याच काळात. त्यानंतर ‘जुनी वास्तू नीट ठेवली आहे’ याची खूण म्हणजे हिरवळ, असं समीकरणच होऊन बसलं. पुरातत्त्व खात्याची स्वतंत्र उद्यान शाखा आहे आणि तिचं मुख्यालय कुठे असेल? आग्र्याला. त्यामुळे आग्र्याचा मकबरा, पुण्याचा वाडा आणि तमिळनाडूतलं शिवालय यांच्या भोवती एकाच हाताने कातरलेलं गवत दिसतं, यात नवल नाही.

पण नुसती आवड एवढी टिकली नसती. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे, आणि माझ्या मते जास्त खरं. आपल्याकडे मोकळी जागा मोकळी राहत नाही. आज कचरा पडतो, उद्या शेळ्या बांधतात, परवा टपरी येते आणि तेरवा टपरीला पत्रा. जमीन उकरून पाहायचं काम केव्हातरी पुढे होणार, म्हणून तिच्यावर पक्कं काही बांधता येत नाही. तशीच सोडावी तर राहत नाही. अशा जागेवर कुंपण घालून गवत लावणं हा ‘या जागेला धनी आहे’ हे सांगायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी मार्ग. हरळीची मुळं झाडासारखी जाड होत नाहीत, जमिनीत पुरलेल्या जोत्याला धक्का लागत नाही, आणि उद्या उत्खनन करायचं ठरलं तर गवताची चादर गुंडाळून बाजूला ठेवता येते. फरशी घातली असती तर हे जमलं नसतं. हिरवळ म्हणजे सात-बाराचा हिरवा उतारा म्हणा ना.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो पुष्कळांना असतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचं २०० मीटर नियंत्रित, ही अंतरं १९९२ साली अधिसूचनेने ठरली आणि २०१० साली कायद्यातच आली. यावरून लोक समजतात की सरकार १०० मीटरमधली घरं पाडून बागा करतं. तसं नाही. तिथे नवं बांधकाम होत नाही, आधीपासूनच्या घराच्या दुरुस्तीला परवानगी काढावी लागते. बाग होते ती स्मारकाच्या स्वतःच्या हद्दीत. दारासुरमला देवळाच्या कुंपणापलीकडे लगेच वस्ती सुरू होते. तिथे रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांची बोली कान देऊन ऐका, मधेच एखादा मराठी वाटणारा शब्द कानावर येईल.

आता गावातल्या देवळांकडे येऊ. तुम्ही विचारता, त्यांच्या बागा कुठे गेल्या. त्यांच्याभोवती बाग नव्हतीच, रस्ते होते, आणि ते असायलाच हवे होते. या देवळांचा देव वर्षातून ठरल्या दिवशी रथात बसून फिरायला निघतो. शारंगपाणीचा रथ तुम्ही उभा असलेला पाहिला असेल. तो ओढायचा, चार कोपऱ्यांवर वळवायचा, तर देवळाभोवती रुंद, सपाट आणि कडक जमिनीचा रस्ता लागतो. तिथे हिरवळ केली तर पहिल्याच कोपऱ्यावर देव रुतून बसेल. रस्ता झाला की त्याच्या कडेने पुजाऱ्यांची घरं, मग फुलं, मग भांडी, मग विड्याची पानं. कुंभेश्वराच्या वाटेवर तर दुकानांची रांग थेट आतपर्यंत सोबत करते. ही गर्दी म्हणजे अतिक्रमण आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपण दारासुरमची शांतता पाहून आलेलो असतो. खरं तर उलट आहे. कुंभेश्वराभोवती जे आहे तसं काहीतरी राजराजपुरमलाही एके काळी असणार, आणि दारासुरमची शांतता ही ते गाव उठून गेल्याची शांतता आहे. पूजा तिथे आजही होते. पण देवाचा बाजार गेला तो गेलाच.

याचा अर्थ तमिळ देवळांना बागच नसे, असा नाही. होती, फक्त ती पाहायची बाग नव्हती. तिला ‘नंदवनम’ म्हणतात. देवाला रोज हार लागतात, बेल लागतो, तुळस लागते, अभिषेकाला सुवासिक फुलं लागतात. ती कुठून तरी यायला हवीत. म्हणून देवळाच्या एका बाजूला, कधी तटाच्या आत, कधी बाहेर, फुलबाग राखलेली असे. चोळांच्या शिलालेखांत अशा बागांसाठी दिलेल्या जमिनी आणि त्या राखणाऱ्या, हार गुंफणाऱ्या माणसांच्या धान्याची सोय पुन्हा पुन्हा येते. माळ्याच्या मजुरीसाठी दगडावर कायम नोंद! आपल्या उद्यान विभागांनी हे वाचू नये. तर नंदवनम हे देवाचं परसदार. तगर, कण्हेर, जाई, बेल, आणि पाण्याला विहीर. शोभा आपोआप येई, पण काम हारांचं.

दुसरी हिरवाई म्हणजे स्थलवृक्ष. प्रत्येक जुन्या देवळाचं एक झाड ठरलेलं असतं, आणि पुष्कळदा देवळापेक्षा झाड आधीचं, अशी गावाची समजूत असते. कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर तिरुविडैमरुदूर आहे. त्या नावातला ‘मरुद’ म्हणजे अर्जुनवृक्ष, आपल्याकडे नदीकाठी पांढऱ्या खोडाचा उभा असतो तो. श्रीशैलमचा मल्लिकार्जुन वरचा, म्हणून हा मधला, मध्यार्जुन. गावाला, देवाला, दोघांनाही झाडाचं नाव. हे गाव मराठी वाचकाला आणखी एका कारणाने जवळचं वाटावं. १७९८ साली सरफोजीराजांना तंजावरची गादी मिळाली आणि त्यांच्या आधीचे राजे अमरसिंह गादीवरून उतरले, ते पुढे इथेच राहायला आले. गादी गेलेला एक मराठी राजा अर्जुनाच्या नावाच्या गावी दिवस काढत होता. असो, हा विषय वेगळा आणि लांबणारा आहे.

मग स्थलवृक्षाची एवढी परंपरा असताना दारासुरमच्या त्या मोकळ्या जागेत झाडं का नाहीत? कारण एक झाड जपणं वेगळं आणि दगडी वास्तूच्या अंगाशी झाडी लावणं वेगळं. वडा-पिंपळाचं फळ पक्षी खातो, शिखरावर बसतो, बी दगडांच्या सांध्यात पडतं. पहिल्या पावसात कोंब येतो तेव्हा तो नखाएवढा असतो. पाच-सात वर्षांनी त्याचं मूळ मनगटाएवढं होतं आणि दगड बाजूला सरकतो. जवळ झाडी असली की पक्षी जास्त, म्हणून कोंब जास्त. जमिनीखालून येणारी मुळं ओल शोधत जोत्यापर्यंत पोचतात. पानगळीने गटारं बुजतात. आणि इथे तर जमिनीखाली गेलेल्या आवारांचे पाये असण्याची शक्यता असल्यामुळे खड्डा खणायलाही दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणून कुणा पाहुण्याच्या हस्ते वृक्षारोपण करायचा मोह झाला, तर त्याला स्मारकाच्या आवाराबाहेर न्यावं, हेच बरं.

तरीही तुमची तक्रार मला पटते. देवळाजवळ झाड नको हे मान्य, पण रस्त्यावरून आत येणाऱ्या वाटेला आणि कुंपणाच्या कडेला, जिथे मुळांनी काही बिघडणार नाही आणि देवळाची दृष्टिरेषा अडणार नाही, तिथे सावली का नसावी? साधा आडाखा असा, की झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, निदान तेवढं अंतर ते आणि भिंत यांच्यात असावं. अर्जुन, मोह, उंडी ही त्याच मातीतली झाडं आहेत. उंडीला तमिळमध्ये ‘पुन्नै’ म्हणतात आणि तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनच्या गावाचं नाव त्याच झाडावरून आलं आहे. आग्र्याची हिरवळ सगळीकडे नेण्यापेक्षा कडेला चार पुन्नै लावले असते, तर पाहुण्याला सावली मिळाली असती आणि जागा कुठल्या मुलखातली आहे हेही कळलं असतं. शिवाय हिरवळ तहानलेली असते. कडक उन्हाळ्यात गवत दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी सोडतं, म्हणजे एका एकराला रोज २०,००० लिटर, दहा हजारी दोन टँकर. कावेरीच्या खोऱ्यातही मे महिन्यात ते पाणी फुकट येत नाही.

आता पायांचं. तुम्ही ज्या दगडावर चाललात तो दिवसभर ऊन पितो आणि साठवून ठेवतो. दुपारी असा दगड पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो. गवत मात्र मुळांतून ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडत राहतं, आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. म्हणून हातभर अंतरावरचं गवत गार आणि दगड तवा. ही युक्ती मातीच्या माठाची आहे, नवी नाही. यासाठीच दक्षिणेतल्या मोठ्या देवळांत उन्हाळ्यात वाटेवर काथ्याच्या चटया अंथरतात, काही ठिकाणी वाट पांढरी रंगवतात, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. हिरवळीचा हा गारवा मात्र तुमच्या उपयोगी पडला नाही, कारण गवतावर चालू नये अशी पाटी असते! एक गंमत सांगतो : दारासुरमच्या तळ्याला यमतीर्थ म्हणतात. ऋषीच्या शापाने यमाच्या अंगाची आग होत होती, ती या तळ्यात बुडी मारल्यावर शमली, अशी तिथली कथा आहे. यमाची सोय झाली, तुमची राहिली.

या तळ्यावरून मेव्हण्यांच्या पाण्याकडे जाता येतं. तमिळनाडूच्या या पट्ट्यात खरा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नाही, तो परतीच्या वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. म्हणून तुम्हा दोघांची साक्ष खोटी नाही, फक्त ऋतू वेगळे. पण नुसता पाऊस पडला म्हणून देवळात पाणी साचत नाही. ते साचतं, कारण देऊळ आता खोलात आहे. बांधलं तेव्हा ते नव्हतं. कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार, अशा दोन नद्यांनी शेकडो वर्षं या मुलखात गाळ आणून ओतला. घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी उठली. रस्त्यांवर थरावर थर चढले. आठशे वर्षांत भोवतालची जमीन वर येत गेली आणि दगडी देऊळ होतं तिथेच राहिलं. आपल्या जुन्या गल्लीतलं घर रस्ता उंच झाल्यावर दोन पायऱ्या खाली जातं, तसंच. मग वरचं सगळं पाणी उताराने अंगणात येतं. खाली डेल्टाची चिकण माती, ती पाणी हळूहळू जिरवते, आणि सलग पाऊस असला की भूजलच वर आलेलं असतं, मग जिरणार तरी कुठे?

काही जण म्हणतात, हिरवळ काढा आणि सगळीकडे फरशी घाला, चिखल तरी होणार नाही. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. गवत निदान थोडं पाणी थोपवतं आणि थोडं मुरवतं. फरशी ते सगळं एकदम नंदीपाशी आणून सोडेल. जुन्या लोकांचा उपाय तळं हाच होता. तळी फक्त आंघोळीला नव्हती. पावसाळ्यात ती आवाराचं जादा पाणी घेत, उन्हाळ्यात विहिरींना ओल देत. तंजावरला सेवप्पनायक तलावाचं पाणी शिवगंगा तलावात आणि तिथून शहरात न्यायची जुनी व्यवस्था होती. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या शिवगंगेच्या काठी नगरपालिकेने लोकांसाठी बाग केली. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेलं मराठी वंशचरित्र बघायला आपली मंडळी जातात. तिथून ही बाग अगदी जवळ आहे. बाग, तळं आणि देऊळ एकमेकांना लागून कसे नांदतात ते तिथे बघता येतं. तळ्यांना जोडणारे पाट बुजले, त्यांच्यावर घरं आली, की तळं एकटं पडतं आणि पाणी आपली वाट स्वतः शोधतं. दारासुरमला ते देवळाच्या अंगणात येतं. पाणी काढायला चर खणता येतात, पंप लावता येतो. पण ते नेऊन सोडायला जागा तर हवी. आवारातल्या गवताची रचना करण्याआधी आवाराबाहेरच्या पाटाची करायला हवी, आणि तो पाट पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत नसतो.

तुमच्या शेवटच्या ओळीत, मी वर दिली नाही त्या, विचारलं आहे की तिथलं गवत कुठल्या परदेशी जातीचं आहे, घरच्या अंगणात लावता येईल का. आपल्याकडच्या अशा हिरवळींत बहुतेक ठिकाणी हरळी असते. हरळी म्हणजे दूर्वा. तमिळमध्ये तिला ‘अरुगम्पुल्’ म्हणतात आणि तिथेही ती पिळ्ळैयारला, म्हणजे आपल्या गणपतीलाच, वाहतात. सांगलीला तुमच्या दारात ती आपोआप उगवत असेल आणि तुम्ही दर रविवारी उपटून टाकत असाल.